इंजेक्टरवर आळ घेण्याआधी

पाऊस सुरू झाला की माझ्याकडच्या पत्रांचा विषय बदलतो. एप्रिल-मेमध्ये एसी आणि रेडिएटर, जून उलटला की मिसिंग, चेक लाइट आणि ‘इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारा भाग) गेला म्हणतात’. हे शेवटचं वाक्य या वेळी इतक्या पत्रांत वाचलं, की हा महिना त्यालाच द्यायचं ठरवलं.

मी १९८९ मध्ये दहावीनंतर नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यात पंप-नोझलच्या एका दुकानात शिकाऊ म्हणून लागलो. ट्रकचे नोझल, म्हणजे डिझेल फवारणारी टोकं, रॉकेलमध्ये धुवायचे आणि टेस्टरवर लावून फवारा बघायचा, हेच काम पहिली चार वर्षं केलं. आज नागपुरात नंदनवन भागात माझं लहानसं गॅरेज आहे. इंजेक्टर हा मला घरच्यासारखा ओळखीचा भाग, म्हणूनच त्याच्यावर खोटा आळ आला की मला राहवत नाही. त्या आळाची किंमत गाडीवाल्याच्या खिशातून जाते.

प्रश्न : भाऊ, माझी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. मी डबे पोचवते. मानेवाडा, रामेश्वरी, अजनी, मेडिकल चौक असा रोजचा फेरा. तीन आठवड्यांपासून गाडी मिसिंग करून राहिली. सकाळी बरी चालते, पण अर्ध्या तासानं सिग्नलला थांबली की अशी थरथरते, की डब्यातली आमटी सांडते. अ‍ॅव्हरेजही पडलं. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर पी०३०३ आला. त्यांनी इंजेक्टर क्लीनिंग केलं, त्याचे पैसे घेतले. आठ दिवसांत पुन्हा तेच. आता म्हणतात चारही इंजेक्टर बदला, बावीस हजार लागतील. सांगा जी, बदलू का?
— एक वाचक भगिनी, मानेवाडा

उत्तर : ताई, मी तुम्हाला फोनवर सांगितलं की अजून एक रुपया देऊ नका, गाडी घेऊन या, आणि तुम्ही रविवारी आणलीत. त्या दिवशी काय काय केलं ते तुमच्या परवानगीनं इथे सगळं लिहितो, कारण हाच प्रश्न आणखी सहा जणांनी विचारला आहे.

आधी त्या कोडबद्दल. पी०३०३ म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तो वेळेवर पेटला नाही, एवढंच. इंजिनाच्या कॉम्प्युटरला हे कसं कळतं? क्रँकचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा, सेन्सर प्रत्येक फेऱ्याचा वेग मोजत असतो. तीन नंबरची पाळी आली आणि क्रँकला धक्का बसला नाही, वेग किंचित पडला, की कॉम्प्युटर नोंद करतो. का पेटला नाही, हे त्याला ठाऊक नसतं. चूल पेटायला लाकूड लागतं, काडी लागते, वारा लागतो. तसं सिलिंडरला पेट्रोल लागतं, ठिणगी लागते, कॉम्प्रेशन म्हणजे दाबलेली हवा लागते. तिघांपैकी एक कमी पडलं तरी कोड हाच येणार. पी०३०३ वाचून थेट इंजेक्टर बदलायचा म्हणजे चूल पेटली नाही म्हणून लाकडाची अख्खी मोळी फेकायची.

म्हणून पहिलं काम फुकटाचं केलं. तीन नंबरची इग्निशन कॉइल काढून एक नंबरवर लावली, एकची तीनवर. तीनचा स्पार्क प्लग चारमध्ये, चारचा तीनमध्ये. कोड पुसला आणि गाडी तापेपर्यंत चालवली. कॉइल खराब असती तर आता पी०३०१ आला असता, प्लग खराब असता तर पी०३०४. आला पुन्हा पी०३०३ च. म्हणजे दोष कॉइलबरोबर गेला नाही, प्लगबरोबरही गेला नाही, तीन नंबरच्याच जागी राहिला. या अदलाबदलीला सुटा भाग लागत नाही, पाना आणि वीस मिनिटं लागतात. तुमच्या गाडीवर ती आधी झालेली नव्हती, याचं मला वाईट वाटलं.

मग कॉम्प्रेशन. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या अगदी जवळ आले. व्हॉल्व्ह आणि रिंगा निर्दोष.

आता उरलं पेट्रोल, म्हणजे आता कुठे इंजेक्टरची पाळी आली. तुमच्या गाडीसारख्या इंजिनात पेट्रोल रेलमध्ये, म्हणजे चारही इंजेक्टरना पुरवणाऱ्या नळीत, साधारण ३ ते ४ बार दाबानं उभं असतं आणि इंजेक्टर म्हणजे त्या रेलवरचा एक विजेवर उघडणारा नळ. आयडलला, म्हणजे पाय उचलून इंजिन नुसतं चालू असताना, तो दर पाळीला दोन-चार मिलिसेकंद उघडतो. उघडताना आणि मिटताना टक् असा आवाज करतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरच्या अंगावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवली की तो आवाज स्वच्छ ऐकू येतो. एक, दोन आणि चार घड्याळासारखे वाजत होते. तीन मध्येच गप्प व्हायचा, पुन्हा लागायचा.

इथे बहुतेक जण ‘बघा, इंजेक्टरच गेला’ म्हणतात. पण गप्प बसणारा इंजेक्टर दोन कारणांनी गप्प बसतो. एक, तो स्वतः अडकला आहे. दोन, त्याला उघड असा हुकूमच पोचत नाही. इंजिन बंद करून कपलर, म्हणजे इंजेक्टरला तारा जोडणारा प्लग, काढला, मल्टिमीटर ओहमवर ठेवून चारही इंजेक्टरच्या कॉइल मोजल्या. या जातीच्या इंजेक्टरला साधारण १२ ते १६ ओहम यायला हवेत. चारही १२ च्या थोडे वर, जवळजवळ सारखे. म्हणजे तीन नंबरची कॉइल शाबूत.

मग कपलरमध्ये १२ व्होल्टचा लहान बल्ब जोडून इंजिन चालू केलं. इंजेक्टरला एका पिनवर कायम बॅटरीचा करंट असतो, दुसरी पिन कॉम्प्युटर अर्थ करतो आणि सोडतो, त्यामुळे बल्ब लुकलुकतो. एक, दोन, चारवर नीट लुकलुकला. तीनवर लुकलुकता लुकलुकता वायरिंगला हलकेच हात लावला, तर विझला. हात काढला, पेटला.

इथे बल्बाऐवजी मल्टिमीटर लावला असता तर १२ व्होल्ट दिसले असते आणि आपण फसलो असतो. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे केसाएवढी तार शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बल्ब करंट मागतो, तिथे अर्धवट तार उघडी पडते.

टेप सोडवली. इनटेकच्या मागे, जिथे गाडी उभी असताना ऊब राहते, तिथे उंदरानं तीन नंबरची तार कुरतडली होती. एकच धागा उरला होता. सकाळी थंडपणी तो टेकून असायचा. इंजिन तापलं, थरथरलं, की सुटायचा. तार सबंध तुटली असती तर बहुधा पी०२०३, म्हणजे तीन नंबरच्या इंजेक्टरच्या सर्किटचा कोड आला असता आणि कुणीही तिथेच पाहिलं असतं.

दुरुस्ती अशी केली : कुरतडलेला तुकडा कापून टाकला, त्याच जाडीची नवी तार घातली, दोन्ही जोड सोल्डर केले, वरून हीट श्रिंक नळी, त्यावर कापडी टेप, आणि वायरिंग क्लिपमध्ये पक्की बसवली म्हणजे जोडावर ताण येणार नाही. नुसती पिळून टेप मारलेली तार पहिल्याच पावसाळ्यात हिरवी पडते.

तुम्ही विचारलं होतं, की एक सिलिंडर पेट्रोल घेत नव्हता तर अ‍ॅव्हरेज वाढायला हवं, पडलं कसं? फार चांगला प्रश्न आहे. तीन नंबरमध्ये हवा जायची आणि न वापरता सायलेन्सरमध्ये यायची. तिथल्या ऑक्सिजन सेन्सरला वाटायचं पेट्रोल कमी पडतंय. त्यानं कॉम्प्युटरला सांगितलं, कॉम्प्युटरनं उरलेल्या तिघांना जास्त पाजलं. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरनं पेट्रोलमध्ये केलेली वाढ-घट, अधिक १४ टक्के दिसत होता. तार जोडून मानेवाडा रिंग रोडवर चाळीस मिनिटं चालवल्यावर तो ३ वर आला. गाडी बरी झाली हे मी थरथर थांबल्यावरून नाही, या आकड्यावरून मानतो.

त्या गॅरेजवाल्यांना मी लबाड म्हणणार नाही. स्कॅनरनं तीन नंबरचं नाव घेतलं, त्यांनी इंजेक्टर धरला. पण क्लीनिंगबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात घ्या. गाडीवरच रेलला बाटली जोडून केलेलं क्लीनिंग थोडाफार चिकटा काढतं. खरं क्लीनिंग इंजेक्टर काढून होतं : आधी बेंचवर चारही इंजेक्टरचं पेट्रोल नळकांड्यांत मोजायचं, फवारा बघायचा, मग अल्ट्रासॉनिक टाकीत साफ करायचे, आतली बारीक जाळी आणि ओ-रिंगा नव्या घालायच्या, पुन्हा मोजायचं. पैसे देताना ‘आधी किती आणि नंतर किती’ हे दोन आकडे मागा. इंजेक्टर खरंच दोषी ठरवायचा असेल तर तोही दुसऱ्या सिलिंडरवर नेऊन बघायचा. कोड त्याच्यामागे गेला तर तो दोषी, आणि मग तो एकच बदलायचा.

आणि एक, चेक लाइट स्थिर पेटला असेल तर गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकत असेल तर गाडी तशीच चालवत राहू नका. ठिणगीअभावी न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो भाग इंजेक्टरहून कितीतरी महाग आहे.

प्रश्न : काका, काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. २०१३ ची डिझेल गाडी घेऊन आठवड्यातून तीनदा कळमन्याच्या बाजारात येतो. दोन महिन्यांपासून बोनेटखालून चफ-चफ असा आवाज येते, एसी लावला की आत धुराचा वास. वरचं कव्हर काढलं तर दोन नंबरच्या इंजेक्टरभोवती डांबरासारखं काळं साचलेलं. इकडचा मिस्त्री म्हणते इंजेक्टर लीक आहे, नवा टाका. पाइपचा नट सैल करून बघू म्हणते. करू द्यायचं का?
— एक शेतकरी वाचक, काटोल तालुका

उत्तर : दादा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चालू इंजिनावर पाइपचा नट सैल करू देऊ नका. मिस्त्री जुन्या सवयीनं म्हणत असेल. जुन्या ट्रॅक्टरला, जुन्या ट्रकला आम्ही तसंच करायचो. नट सैल केला, इंजिनाचा आवाज बदलला नाही की तो नोझल खराब. त्या नोझलचा उघडण्याचा दाब २०० बारच्या आसपास असायचा. तुमची गाडी कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच रेलमधून डिझेल मिळतं. तिच्या रेलमध्ये आयडललाच ३०० बारच्या आसपास दाब असतो आणि ओढ पडली की १,६०० पर्यंत चढू शकतो.

२०० बारसुद्धा थोडा नसतो. मी शिकाऊ असताना आमच्यातल्या एका मुलाचं बोट टेस्टरवरच्या नोझलसमोर आलं. मुंगी चावल्यासारखा एक ठिपका दिसला, रक्तही नाही. त्यानं पुसलं आणि कामाला लागला. रात्री हात कोपरापर्यंत सुजला. डिझेल कातडीखाली शिरून आत पसरलेलं असतं, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, पण बोट वाचलं नाही. तो सोळा वर्षांचा होता. दादा, डिझेलची गळती हातानं कधी चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा. फवारा अंगात शिरला अशी नुसती शंका आली तरी जखम कितीही बारीक असो, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि ‘दाबाचं डिझेल शिरलं’ हे शब्द डॉक्टरांना सांगा. काम करायचं तर इंजिन बंद करून दाब उतरायला दहा मिनिटं द्या.

आता तुमचा आवाज. चफ-चफ, धुराचा वास आणि काळं डांबर ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की मला इंजेक्टर नाही, त्याच्या बुडाशी असलेला तांब्याचा वॉशर दिसतो. इंजेक्टर हेडमध्ये बसतो तिथे हा वॉशर ज्वलनाचा दाब अडवतो. तो दबला किंवा त्याच्या खाली कचरा राहिला, की प्रत्येक स्फोटाला थोडा वायू इंजेक्टरच्या बाजूनं वर येतो. तोच चफ-चफ. त्याच्यातली काजळी आणि तेल भाजून डांबर होतं. वॉशर काही रुपयांचा असतो. तुमचा इंजेक्टर बहुधा ठणठणीत आहे.

पण काम वॉशरच्या किमतीएवढं सोपं नाही, आणि उशीर केला तर आणखी अवघड होतं. ते डांबर दगडासारखं घट्ट होऊन इंजेक्टर हेडमध्ये चिकटवून टाकतं. बाजूनं हातोडी मारून काढायला गेलं की इंजेक्टर तरी वाकतो किंवा हेड तरी खराब होतं. पेनिट्रेटिंग ऑइल रात्रभर मुरू द्यायचं, मग स्लाइड हॅमरनं सरळ वर ओढायचा. निघाल्यावर जुना वॉशर आत चिकटून राहिला नाही ना ते टॉर्चनं बघायचं. एकावर एक दोन वॉशर बसले तर इंजेक्टर वर उचलला जातो आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. मग सीट कटरनं हलक्या हातानं बैठक साफ करायची. कटरला ग्रीस लावायचं म्हणजे कार्बनचे कण त्याला चिकटून बाहेर येतात, सिलिंडरमध्ये पडत नाहीत. शेवटी नवा वॉशर, आणि क्लॅम्पचा बोल्ट टॉर्क रेंचनं (मोजून आवळणाऱ्या पान्यानं) कंपनीनं सांगितलेल्या मापावर. ‘हाताला कळते’ असं म्हणणाऱ्यावर हे काम सोपवू नका. मी पस्तीस वर्षं पाने फिरवतो आहे, तरी इथे टॉर्क रेंचच घेतो.

इंजेक्टर खरंच झिजला आहे का हे बघायचं असेल तर रिटर्नची, म्हणजे इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणाऱ्या डिझेलची, चाचणी करा. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या नळ्या, त्या चार सारख्या बाटल्यांत, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवायचं. तीन बाटल्यांत बोटभर आणि एकीत चार बोटं डिझेल आलं, तर तो चौथा आतून गळतो. असा इंजेक्टर असला की सकाळी सेल्फ लांबतो, कारण रेलमध्ये दाब साठतच नाही. तेव्हा पी००८७ हा रेलच्या कमी दाबाचा कोड पुष्कळदा दिसतो. नवा इंजेक्टर घालायची वेळ आली आणि त्याच्या डोक्यावर कोड छापलेला असला, तर तो कॉम्प्युटरमध्ये भरून घ्या. त्या इंजेक्टरचं नेमकं माप त्या कोडमध्ये असतं. तो न भरता गाडी सोडली तर ठोके आणि धूर राहतो, आणि नवा इंजेक्टर बिचारा पुन्हा बदनाम होतो.

आंबिया बहाराची तोडणी सुरू व्हायच्या आत हे उरकून घ्या. हंगामात गाडी उभी राहणं तुम्हाला परवडणार नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात सीताबर्डीला गाडी उन्हात लावून अर्ध्या-पाऊण तासानं परत आलो की सेल्फ मारत बसावं लागतं. सुरू झाली की पेट्रोलचा वास आणि थोडा काळा धूर. सकाळी मात्र लगेच सुरू होते. बॅटरी नवी टाकली, फरक नाही.
— एक वाचक, उमरेड रोड

उत्तर : काळा धूर आणि पेट्रोलचा वास लिहिलात हे फार बरं केलं. नाहीतर मी पंपाच्या मागे लागलो असतो.

गाडी बंद केल्यावर इंजिन लगेच थंड होत नाही. पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो आणि बोनेटखालची उष्णता पहिली काही मिनिटं उलट चढते. वरून आपलं ४५ अंशांचं ऊन. या वेळी एखादा इंजेक्टर नीट मिटत नसेल तर रेलमधलं दाबाखालचं पेट्रोल थेंब थेंब इनटेकमध्ये उतरतं. अर्ध्या तासानं तुम्ही किल्ली फिरवता तेव्हा तिथे पेट्रोलची वाफ कोंडलेली असते, हवा कमी, म्हणून पेटत नाही. रात्रभरात ती वाफ उडून जाते, म्हणून सकाळी तक्रार नाही.

घरी बघण्यासारखी एक खूण आहे. पुढच्या वेळी अशी अडली की अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत पूर्ण दाबलेला पाय आणि फिरता सेल्फ असं एकत्र दिसलं की कॉम्प्युटर पेट्रोल बंद ठेवतो आणि नुसती हवा ओढू देतो. तशी सुरू झाली, तर पेट्रोल जास्त साचलं होतं हे जवळपास नक्की. सुरू होताच पाय उचला.

गॅरेजमध्ये रेलवर प्रेशर गेज लावून घ्या. इंजिन बंद केल्यावर दाब बराच वेळ टिकायला हवा. भराभर उतरला तर टाकीकडून येणारी नळी बंद करून पुन्हा बघायचं. आता टिकला, तर टाकीतल्या पंपाचा किंवा रेग्युलेटरचा दोष. तरीही उतरला, तर गळती रेलच्या बाजूला आहे. मग प्लग काढून बघायचे, एकच काळा आणि ओला असेल तर गळणारा इंजेक्टर सापडला. काही जण रेल इंजेक्टरसकट उचलून, किल्ली चालू करून थेंब बघतात. चाचणी बरोबर आहे, पण गरम इंजिनावर उघडं पेट्रोल म्हणजे आग. थंड इंजिन, बाजूला अग्निशामक, आणि जाणता माणूस असेल तरच.

असा इंजेक्टर पुष्कळदा साफ करूनच वाचतो. त्याच्या टोकावरचं पेट्रोल उष्णतेनं उडतं आणि मागे डिंकासारखा थर राहतो, तो सुईला मिटू देत नाही. अल्ट्रासॉनिकनंतरही बेंचवर थेंब पडत असेल तर मात्र बदला.

प्रश्न : दर टाकीला इंजेक्टर क्लीनरची बाटली टाकावी का? आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, म्हणून विचारतो.
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : दर टाकीला नको. बाटली सुईवरचा चिकटा पातळ करू शकते. कुरतडलेली तार, फाटलेली ओ-रिंग, झिजलेली सुई ती जोडू शकत नाही. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून महिनोन्महिने उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर ठेवू नका, आणि जुन्या गाडीच्या टाकीतला साचलेला मळ सुटून येतो, म्हणून फिल्टर वेळेआधी बदला. रिझर्व्हवर गाडी ओढायची सवय मोडा. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.

प्रश्न : माझी बीएस ६ डिझेल गाडी आहे, घर ते ऑफिस चार किलोमीटर. ऑइलची पातळी वाढून राहिली. डिपस्टिकला डिझेलचा वास येतो. इंजेक्टर गळतो का?
— एक वाचक, बजाजनगर

उत्तर : गळत असेल, नसेलही. दोन वाटा आहेत. सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर जाळून साफ करायला गाडी अधूनमधून जास्तीचं डिझेल उशिरा फवारते. चार किलोमीटरमध्ये ती सफाई पूर्ण होत नाही, गाडी पुन्हा पुन्हा सुरुवात करते आणि थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. नाहीतर एखादा इंजेक्टर खरंच टपकत असतो, पण तेव्हा सकाळी पांढरा धूर आणि एका सिलिंडरचा ठोका सोबत येतो. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर आज गाडी चालवू नका. पातळ ऑइल बेअरिंग खातं, आणि फार वाढलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून आवरेनासं होऊ शकतं. ऑइल आणि फिल्टर बदला, मग रविवारी वर्धा रोडनं बुटीबोरीपर्यंत एका वेगात जाऊन या. पंधरा दिवस पातळीची खूण लिहून ठेवा. असे फेरे करूनही वाढली, तर रिटर्नच्या चाचणीला आणि इंजेक्टर बेंचवर तपासायला घेऊन या.

प्रश्न : सर, मी आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंजेक्टरचं काम शिकायचं आहे. पहिले कोणतं हत्यार घेऊ? मित्र म्हणतात मोठा स्कॅनर घे.
— एक विद्यार्थी, हिंगणा

उत्तर : बाळा, मोठ्या स्कॅनरसाठी कर्ज काढू नको. एक बरा मल्टिमीटर घे, १२ व्होल्टचा लहान बल्ब दोन तारांना सोल्डर कर, एक लांब स्क्रू ड्रायव्हर घे. मानेवाड्याच्या ताईंच्या गाडीचा दोष यावरच सापडला. स्कॅनर लहान, आकडे दाखवणारा असला तरी सुरुवातीला पुरतो. मात्र हा बल्ब फक्त साध्या पेट्रोल गाडीच्या कपलरला लावायचा. कॉमन रेल डिझेलच्या आणि थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या पेट्रोल गाडीच्या इंजेक्टरला कॉम्प्युटर ६५ व्होल्ट किंवा त्याहून जास्तीचा झटका देतो, पिझो जातीच्या इंजेक्टरला आणखी जास्त. त्या गाडीचा कपलर चालू इंजिनावर काढायचाही नाही.

मग ज्या गाड्यांना काही झालेलं नाही त्यांचे इंजेक्टर ऐक. घरची, शेजाऱ्याची, मामाची, रोज एक. चांगला आवाज कानात बसला नाही तर वाईट ओळखणार कशानं? ऐकताना बाही दुमडून घे, गळ्यातली साखळी काढ, आणि रेडिएटरच्या पंख्यापासून हात लांब ठेव. तो इलेक्ट्रिक असतो, इंजिन बंद असतानाही अचानक फिरायला लागतो.